पत्रांची पेटी आणि ‘स्मृतिचित्रे’

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’ची थोरवी सांगायला आता कोणा टीकाकाराची गरज उरलेली नाही. १९३४ साली पहिला भाग निघाला, तेव्हापासून घरोघरी हे पुस्तक वाचून माणसे हसली आहेत आणि रडलीही आहेत. त्यातल्या विनोदाबद्दल आणि साध्या भाषेबद्दल पुष्कळ लिहून झाले. मला आज बोलायचे आहे ते त्याच्या एका दुर्लक्षित अंगाविषयी. घरातल्या माणसांच्या आठवणी आणि कागद जपण्याच्या घरगुती उद्योगातूनच हे पुस्तक जन्माला आले आहे.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे जुन्या वळणाचे संस्कृतज्ञ. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि पुढे आपले नगर हेच त्यांच्या संसाराचे गाव झाले. ते गेल्यावर वडिलांचे चरित्र लिहावे असे देवदत्तांच्या मनात आले. साधने हवीत म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून काढायला सांगितले. म्हणजे लक्ष्मीबाई आत्मचरित्र लिहायला बसल्याच नव्हत्या. त्या मुलाला टिपणे पुरवीत होत्या! या पुस्तकात कोठेही आव नाही याचे मर्म मला येथे सापडते. समोर वाचकांची सभा नाही, पोटचा पोर आहे. नवऱ्याचा तापट स्वभाव, घरातली चणचण, स्वतःची फजिती, काहीच त्याच्यापासून लपवण्यासारखे नव्हते.

पुढची हकीकत तर याहून बोलकी आहे. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. त्यांच्या आठवणींचे राहिलेले काम देवदत्तांनी पुरे केले. आणि १९८९ मध्ये नातू अशोक देवदत्त टिळक यांनी टीपा-स्पष्टीकरणांसह ‘स्मृतिचित्रां’ची नवी आवृत्ती सिद्ध केली. एकाचे अपुरे काम दुसऱ्याने हाती घ्यायचे, असा या घराचा शिरस्ताच दिसतो.

काही रसिकांना टीपा आवडत नाहीत. गोष्ट रंगात आली असता मध्येच मास्तरांनी छडी आपटावी तसे त्यांना वाटते. मी स्वतः मास्तर असल्यामुळे छडीची बाजू घेतो आहे असे कोणी म्हणेल. पण लक्ष्मीबाई तारखांच्या भानगडीत फारशा पडत नाहीत. कोणता प्रसंग आधीचा, कोणता नंतरचा, अमुक माणूस कोण, हे आजच्या वाचकाला कोणी तरी सांगायलाच हवे. त्याने लक्ष्मीबाईंचे तेज उणे होत नाही. समईची वात पुढे सारली म्हणजे उजेड वाढतोच.

तरीही एक उणीव राहते, आणि ती कोणाच्याच दोषाची नाही. टिळकांच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षे नवरा-बायको एकमेकांपासून दूर होती. ते दुःख लक्ष्मीबाई सांगतात ते पुष्कळ वर्षांनी, पुढे सारे सुरळीत झाले हे ठाऊक असताना. म्हणूनच त्या हसू शकतात. परंतु त्या पाच वर्षांत लिहिलेल्या पत्राला शेवट ठाऊक नसतो. उद्या काय होईल या धास्तीतच ते लिहिलेले असते. आठवण म्हणजे निवळलेले पाणी आणि पत्र म्हणजे वाहते पाणी. तहान दोहोंनी भागते, पण ओढ कळते ती वाहत्या पाण्याचीच.

सावित्रीबाई फुल्यांचे उदाहरण घ्या. त्यांनी जोतीरावांना लिहिलेली १८५६, १८६८ आणि १८७७ सालची तीन पत्रे आपल्या हाती आहेत. दुष्काळात लोकांची झालेली दैना शेवटच्या पत्रात आहे. तीनच पत्रे, पण त्यांतून जी बाई उभी राहते ती कोणाही चरित्रकाराला कल्पनेने उभी करता आली नसती.

पंडिता रमाबाईंची पत्रे राहिली ती इंग्लंडातल्या सिस्टर जेरल्डाइन यांच्यामुळे. या बाईंना रमाबाईंचा स्वतंत्र बाणा मुळीच पसंत नव्हता. तरी त्यांनी रमाबाईंची उत्तरे फाडली नाहीत, जुळवून ठेवली. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांनी ती संपादून छापली, तेव्हा वाचकांनी रमाबाईंची बाजू रमाबाईंच्याच तोंडून ऐकली. जपणाऱ्याचे मत काहीही असो. त्याने कागद जाळला नाही म्हणजे पुढचा माणूस आपला न्याय आपण करू शकतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. नगरला अमेरिकन मिशन १८३१ साली आले. ‘ज्ञानोदय’ येथेच १८४२ मध्ये निघाला. मिशनऱ्यांनी येथून बोस्टनला धाडलेली पत्रे आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात नीट लावून ठेवलेली आहेत. पण ज्यांच्याविषयी ती लिहिली त्या शिक्षकांची, शास्त्र्यांची, शेजाऱ्यांची पत्रे कोठे आहेत? पुष्कळशी बंबात गेली, काही वाण्याच्या पुड्यांत. मग नगरची गोष्ट नगरकरांच्या तोंडून कशी ऐकायला मिळणार? ज्याचे दप्तर राहिले त्याचेच म्हणणे राहते.

खाजगी पत्रे चव्हाट्यावर मांडू नयेत, असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. पण जपणे म्हणजे छापणे नव्हे. पाकिटावर ‘अमुक वर्षांपर्यंत उघडू नये’ असे लिहून ठेवता येते. जाळलेले पत्र मात्र कोणत्याच वर्षी उघडता येत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली आलीच असेल. मोडी वाचता येत नाही म्हणून ते कागद रद्दीत घालू नका. मोडी वाचणारे आजही भेटतात. टाचण्या काढा, चिकटपट्टी लावू नका. पाकिटे टाकू नका, कारण टपालाच्या शिक्क्यावर तारीख असते. कोणाचे कोणाला पत्र, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. घरात सोय नसेल तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आपल्या नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे; तेथे विचारावे.

देवदत्तांनी आईला आठवणी विचारल्या तेव्हा मराठीला एक थोर पुस्तक मिळेल हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हते. आपल्या ट्रंकेत तसे काही निघेलच असे नाही. पण आपल्या आजीचे अक्षर तरी नातवंडांना दिसेल, आणि तेवढ्यासाठीही ती ट्रंक जपायला हवी.