कलेसाठी कला आणि एक सिंह : एमजीएमच्या पडद्यावरील बोधचिन्हाची वाटचाल

प्रास्ताविक

चित्रपटगृहातील दिवे मालवले जातात आणि कथा सुरू होण्यापूर्वी काही क्षण निर्मितिसंस्थेचे बोधचिन्ह पडद्यावर अवतरते. प्रेक्षक त्या वेळी आसनावर स्थिरावत असतो. समीक्षकाचेही लक्ष पुढे येणाऱ्या श्रेयनामावलीकडे असते. त्यामुळे या काही क्षणांचा स्वतंत्र विचार करण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. संस्कृत नाटकात, आणि त्याच्या अनुकरणाने मराठी संगीत नाटकात, प्रयोगापूर्वी नांदी म्हटली जाते. नांदी कथेचा भाग नसते, तरीही नाट्यशास्त्राने तिची साक्षेपाने दखल घेतली आहे. बोधचिन्हाचे स्थानही नांदीसारखेच कथेच्या उंबरठ्यावरचे आहे. भेद इतकाच, की नांदीत इष्टदेवतेचे स्मरण असते आणि बोधचिन्हात मालकाचे.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील मेट्रो-गोल्डविन-मेयर, अर्थात एमजीएम, या चित्रसंस्थेच्या गर्जना करणाऱ्या सिंहाचा विचार केला आहे. हा सिंह शतकभर एकच आहे, तंत्र तेवढे सुधारत गेले, असा सर्वसाधारण समज आढळतो. त्या समजाची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, या बोधचिन्हाची वाटचाल म्हणजे प्रामुख्याने सातत्याचा आभास घडवण्याची वाटचाल होय. संस्था भक्कम होती तोवर तिला सिंह बदलण्याचे भय वाटले नाही. संस्था जसजशी विस्कळीत होत गेली, तसतसा तिचा सिंह अधिकाधिक अचल आणि निर्दोष होत गेला.

मुका सिंह आणि बोलका सिंह

सिंहाची कल्पना एमजीएम या संस्थेहून जुनी आहे. गोल्डविन पिक्चर्स या संस्थेसाठी हॉवर्ड डिएट्झ या तरुण प्रसिद्धिलेखकाने ती १९१७ च्या सुमारास योजली. डिएट्झ हे कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी, आणि सिंह हे त्या विद्यापीठाच्या क्रीडासंघांचे चिन्ह. पुढे १९२४ मध्ये मार्कस लो यांनी मेट्रो, गोल्डविन आणि लुई बी. मेयर यांच्या संस्था एकत्र आणल्या, तेव्हा सिंहही नव्या घरी आला. चित्रफितीच्या पट्ट्यांचे वर्तुळ, त्यावर कोरलेले लॅटिन ब्रीदवाक्य, मधोमध सिंहाचे मस्तक आणि खाली नाटकाचा मुखवटा, ही या चिन्हाची ठळक ठेवण बनली आणि पुढे तिने मूळ धरले.

एमजीएमचा पहिला सिंह स्लॅट्स. त्याचा जन्म १९१९ मध्ये डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयातला. १९२४ ते १९२८ या काळातील मूकपटांच्या आरंभी तो दिसतो. तो गर्जना करीत नाही, केवळ इकडेतिकडे पाहतो. हे मौन मूकपटाशी सुसंगतच होते. त्यानंतर आलेल्या जॅकीपासून ध्वनीचा अध्याय सुरू होतो. १९२८ च्या 'व्हाइट शॅडोज इन द साउथ सीज' या चित्रपटाच्या आरंभी ध्वनिमुद्रित गर्जना ऐकू आली. ज्या प्रेक्षकांनी आजवर मुके चित्र पाहिले, त्यांना पडद्याला आता आवाज आहे हे सांगण्याचे काम सिंहाने केले. बोधचिन्ह येथे केवळ संस्थेची ओळख देत नाही. ते नव्या माध्यमाची ग्वाही देते.

रंग आले तेव्हा निराळाच प्रकार घडला. आरंभीच्या टेक्निकलर चित्रपटांसाठी टेली आणि कॉफी या सिंहांचे चित्रीकरण झाले, आणि १९३४ पासून रंगीत चित्रपटांसाठी टॅनर हा सिंह वापरला जाऊ लागला. कृष्णधवल चित्रपटांच्या आरंभी मात्र १९५६ पर्यंत जॅकीच येत राहिला. म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ एकाच संस्थेचे दोन सिंह एकाच वेळी पडद्यावर वावरत होते. 'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) हा आपल्या रंगांसाठी गाजलेला चित्रपट, परंतु त्याचा आरंभ तपकिरी छटेत होतो म्हणून त्याच्याआधी तपकिरी छटेतला जॅकी येतो. येथे चिन्ह चित्रपटाच्या गरजेपुढे झुकते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पुढे जॉर्ज आणि १९५७ पासून लिओ, असे स्लॅट्सपासून एकूण सात सिंह सामान्यतः मोजले जातात. हा काळ संस्थेच्या वैभवाचा होता, आणि याच काळात सिंहांची संख्या सर्वाधिक होती.

या वैभवाची खूण मुंबईतही उभी राहिली. धोबीतलावच्या चौकात १९३८ मध्ये सुरू झालेले मेट्रो हे चित्रगृह एमजीएमनेच बांधले. त्यापूर्वी १९३५ मध्ये कलकत्त्यातही संस्थेने मेट्रो उभारले होते. तेथील प्रेक्षकाला सिंह दिसे तो सिंहाच्याच घरात. चित्रपटाची निर्मिती, त्याचे वितरण आणि प्रदर्शनाची वास्तू ही सारी साखळी एका हाती असण्याचा तो काळ होता. सिंहाच्या गर्जनेमागे तेव्हा एक प्रत्यक्ष साम्राज्य होते.

मौनाचे दोन प्रसंग

बोधचिन्ह आणि कलाकृती यांचे नाते तपासण्यासाठी दोन अपवाद उपयुक्त ठरतात. पहिला 'बेन-हर' (१९५९) या विल्यम वायलर दिग्दर्शित चित्रपटाचा. येशूच्या जन्माच्या प्रसंगाने सुरू होणाऱ्या या चित्रपटाआधी गर्जना नको म्हणून सिंहाचे स्थिर, नि:शब्द चित्र वापरण्यात आले. दुसरा अपवाद स्टॅन्ले क्युब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटाचा. तेथे जिवंत सिंहाऐवजी मोजक्या रेषांतले, वर्तुळात बसवलेले स्थिर चिन्ह आहे. हे नवे चिन्ह संस्थेने साठच्या दशकाच्या उत्तरार्धात स्वीकारून पाहिले, परंतु मोजक्याच चित्रपटांनंतर पडद्यावरून ते मागे घेतले आणि लिओ परतला.

पहिल्या प्रसंगी कलाकृतीच्या भावस्थितीसाठी चिन्हाने मौन धरले. दुसऱ्या प्रसंगी संस्थेला आधुनिक दिसावयाचे होते आणि तो प्रयत्न टिकला नाही. रेषांचा सिंह अधिक आटोपशीर असला, तरी हलत्या सिंहाची सवय झालेल्या प्रेक्षकासाठी तो निर्जीव होता. प्राणी श्वास घेतो, मान वळवतो, आणि त्याच्या ठायी जी अनिश्चितता असते ती रेषेत येत नाही. या माघारीनंतर संस्थेने चिन्हाच्या आकृतीत मोठा बदल करण्याचे धाडस पुन्हा केले नाही. यापुढचे बदल झाले ते बदल जाणवू नयेत अशा बेताने.

गर्जना की डरकाळी

मराठी भाषा सिंहाला गर्जना देते आणि वाघाला डरकाळी. हा भेद येथे अगदी शब्दश: उपयोगी पडतो. १९८२ मध्ये ध्वनिसंयोजक मार्क मँजिनी यांनी लिओसाठी नवा आवाज सिद्ध केला, आणि त्यासाठी वाघाच्या आवाजांचा वापर केला. सिंहाचा खरा आवाज पडद्यावरील मुखाला शोभेल इतका उग्र नसतो, हे त्यामागचे कारण. सिंहाच्या मुखातून जगभरच्या प्रेक्षकांनी ऐकली ती अशा रीतीने वाघाची डरकाळी.

यात फसवणूक शोधण्याचे कारण नाही. चित्रपटाचा ध्वनी हा बहुतांशी रचलेलाच असतो. तथापि या घटनेत एक दिशा दिसते. १९२८ मध्ये ध्वनिमुद्रकासमोर एक प्राणी उभा होता आणि त्याने जो आवाज दिला तो स्वीकारला गेला. १९८२ मध्ये प्राण्याची आकृती तीच ठेवून तिच्याविषयीच्या आपल्या अपेक्षेचा आवाज तिला चढवला गेला. सिंह कसा असतो यापेक्षा सिंह कसा असावा, हा प्रश्न प्रभावी ठरला. २०२१ मध्ये ही दिशा शेवटाला पोहोचली. त्या वर्षी सादर झालेल्या नव्या बोधचिन्हातील सिंह संपूर्णपणे संगणकावर घडवलेला आहे. त्याची आयाळ, त्याचे डोळे आणि त्याची मान वळवण्याची लकब लिओची आठवण जागी ठेवतात, परंतु कॅमेऱ्यासमोर कोणी उभे नव्हते. या सिंहाला वय नाही आणि मृत्यूही नाही.

मालक बदलले, सिंह राहिला

आता हीच वर्षे संस्थेच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहावीत. १९६९ मध्ये कर्क कर्कोरियन यांनी संस्थेचा ताबा घेतला. १९७० मध्ये संस्थेच्या भांडारातील वेशभूषा आणि नेपथ्यसामग्री लिलावात निघाली, त्यात 'विझर्ड ऑफ ऑझ'मधील डोरोथीचे लाल चकाकते जोडेही होते. १९७३ मध्ये लास व्हेगास येथे संस्थेच्या नावाचे भव्य हॉटेल आणि जुगारगृह उघडले. १९८६ मध्ये टेड टर्नर यांनी संस्था घेतली आणि थोड्याच काळात तिचा बराचसा भाग परत विकला, परंतु जुन्या चित्रपटांचा संग्रह आपल्याकडेच ठेवला. तो संग्रह पुढे वॉर्नर ब्रदर्सच्या छत्राखाली गेला. कल्व्हर सिटी येथील मूळ चित्रनगरीवर आज सोनी पिक्चर्सचे नाव आहे. २०२२ मध्ये ॲमेझॉनने सुमारे साडेआठ अब्ज डॉलरना एमजीएमची खरेदी पूर्ण केली.

या साऱ्या उलथापालथीत पडद्यावर लिओच राहिला. १९५७ पूर्वी तीन दशकांत अनेक सिंह आले आणि गेले. त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ, मधला अल्पसा प्रयोग वगळता, एकाच सिंहाचे चित्रीकरण पुन:पुन्हा स्वच्छ करून वापरले गेले. व्यापारचिन्हाच्या कायद्याला स्थिर आकृती सोयीची असते, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो अंशत: मान्यही आहे. परंतु कायद्याला सिंहाचे चित्र पुरेसे असते, त्याची डरकाळी उग्र करण्याची गरज कायदा निर्माण करीत नाही. जमीन, वेशभूषा आणि जुने चित्रपट हातचे गेल्यावर संस्थेकडे 'आपण तेच आहोत' असे सांगण्याचे जे साधन उरले, ते हे चिन्हच होते.

याहून विचारात घेण्यासारखी गोष्ट उलट बाजूची आहे. 'विझर्ड ऑफ ऑझ'ची मालकी एमजीएमकडे नाही, पण त्याच्या आरंभी जॅकी अजूनही गर्जतो. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला पत्राच्या माथ्यावरील शिक्का आणि अखेरचे मोर्तब यांचे मोल ठाऊक असते. पत्र आज कोणाच्या दप्तरात आहे यावरून नव्हे, तर त्यावरील शिक्क्यावरून त्याचा काळ आणि अधिकार ठरतो. चित्रपटाच्या आरंभीचे बोधचिन्ह हा असाच शिक्का आहे. दूरचित्रवाणीसाठी किंवा डिजिटल आवृत्तीसाठी जुने बोधचिन्ह काढून त्याजागी नव्या मालकाचे चिन्ह बसवण्याची पद्धत चित्रव्यवसायात आढळते. दप्तरातील जुन्या पत्राचा शिक्का खरवडून त्यावर आजचा शिक्का उठवला, तर कोणताही इतिहासकार ते सहन करणार नाही. चित्रपटाच्या बाबतीत मात्र ही खाडाखोड सहसा नजरेसही येत नाही.

ब्रीदवाक्याचा प्रश्न

सिंहाभोवतालच्या वर्तुळावर 'आर्स ग्राशिया आर्टिस' अशी अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ 'कलेसाठी कला'. मराठी वाचकाला हे शब्द परके नाहीत. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा वाद आपल्या वाङ्मयीन स्मृतीचा भाग आहे. त्या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : कलेचे प्रयोजन ठरवण्याचा अधिकार कलावंताचा. एमजीएमच्या वर्तुळात मात्र हे वाक्य एका व्यापारी संस्थेच्या शिक्क्यावर कोरलेले आहे. कला येथे ना कलेसाठी आहे, ना जीवनासाठी. ती भांडवलाची प्रतिष्ठा वाढवण्यासाठी उभी केलेली आहे.

तरीही हे ब्रीद निव्वळ दांभिक म्हणून मोडीत काढता येत नाही. 'बेन-हर'च्या आरंभी सिंह गप्प राहिला तेव्हा, निदान तेवढ्या क्षणापुरते, हे वाक्य खरे झाले होते. तपकिरी जॅकीच्या बाबतीतही तसेच म्हणता येईल. २०२१ च्या आवृत्तीत ब्रीदवाक्य आधी इंग्रजीत उमटते आणि मग लॅटिनमध्ये पालटते. जे शतकभर न वाचताच ओलांडले गेले, त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज संस्थेला वाटली, हे सूचक आहे.

समारोप

पुण्यात राहणाऱ्यास या कथेचे प्रतिबिंब शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन होऊन पुढे पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीचे, तुतारी फुंकणाऱ्या स्त्रीचे चिन्ह आजही ओळखीचे आहे. कंपनी पन्नाशीच्या दशकात बंद पडली आणि तिच्या वास्तूत १९६० मध्ये चित्रपटशिक्षणाची संस्था आली. प्रभातला दुसरा मालक येऊन त्या स्त्रीला संगणकावर नव्याने घडवू लागला नाही. ती जुन्या चित्रपटांच्या आरंभीच राहिली, आणि म्हणूनच ती आपल्या काळाची साक्ष निर्भेळपणे देते. एमजीएमचा सिंह जिवंत ठेवला गेला, आणि जिवंत ठेवण्याच्या प्रयत्नातच त्याच्यातील प्राणी नाहीसा झाला.

वरील विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, पडद्यावरील बोधचिन्हातील बदलांचा क्रम केवळ तंत्राच्या प्रगतीने स्पष्ट होत नाही. मालकी, वारसा आणि प्रतिष्ठा यांच्या संदर्भातच तो वाचावा लागतो. दुसरा, मूळ बोधचिन्ह हा चित्रपटाच्या संहितेचा भाग मानून त्याचे जतन झाले पाहिजे. वर्गात जुना चित्रपट दाखवताना आपण बहुधा ते काही क्षण पुढे सरकवतो. यापुढे तसे न करता, हा सिंह कोणता, असा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारून आरंभ करता येईल.