‘नाकु तेलुगु रादु’

हैदराबादेत नल्लकुंट्याच्या भाजीबाजारात किंवा फीव्हर हॉस्पिटलच्या रांगेत नवख्या मराठी माणसाला सगळ्यात आधी लागणारं तेलुगू वाक्य म्हणजे ‘नाकु तेलुगु रादु’, मला तेलुगू येत नाही. तीनच शब्द, पण त्यांत तेलुगू व्याकरणाचं निम्मं सौंदर्य सामावलं आहे.

‘नाकु’ म्हणजे मला. बोलणारा इथे कर्ता नाही; भाषा त्याच्याकडे येते किंवा येत नाही. इंग्रजीला जवळची असलेली डच शिकणाऱ्या इंग्रजाला दोन्ही भाषांत ‘मी’च कर्ता सापडतो, तोच तेलुगूकडे वळला तर ‘नाकु’पाशी अडतो. मला येतं, मला आवडतं, मला भूक लागते असं जन्मभर म्हणणाऱ्या आपल्याला मात्र ही रचना घरचीच. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेदही इंग्रजीत नाही, डचमध्ये नाही. तेलुगूत तो ‘मेमु’ आणि ‘मनम्’ असा चोख आहे.

खरा रस ‘रादु’मध्ये. ‘येत नाही’ला आपल्याला दोन शब्द लागतात, तेलुगू नकार क्रियापदाच्या पोटातच घेते आणि वर तो पुरुष-लिंगानुसार चालवते. ‘रानु’, मी येणार नाही. ‘राडु’, तो येणार नाही. ‘रादु’, ती किंवा ते येणार नाही. ड आणि द, एवढ्यावर लिंग बदलतं! मराठी कानाला हा फरक सहज कळतो.

आता लिंगाचं पाहा. एकवचनात बाई आणि बस, दोघींनाही ‘रादु’च, अनेकवचनात मात्र माणसं सगळी एकत्र, ‘रारु’, आणि वस्तू वेगळ्या, ‘रावु’. डचमध्ये कोणत्या नामाला ‘द’ आणि कोणत्याला ‘हेट’ हे घोकावं लागतं, मराठीतही लिंगं पाठच करावी लागतात. तेलुगूत लिंग अर्थावरूनच ठरतं.

जवळच्याच उस्मानिया विद्यापीठात भाषाविज्ञान शिकवलेल्या भद्रिराजु कृष्णमूर्तींनी जे. पी. एल. ग्विन यांच्यासह लिहिलेलं आधुनिक तेलुगूचं व्याकरण १९८५ साली इंग्रजीत निघालं. ते जरूर वाचावं, पण प्रत्येक नियम मराठीशी ताडून. इंग्रजी वाचकाच्या अडचणी आपण उसन्या घेऊ नयेत. हैदराबादच्या मराठी घरांनी मुलांना तेलुगू शिकवावी, आणि ती मराठीतूनच शिकवावी.