स्त्री-इंजिनिअरांच्या संस्थेचे स्थानिक कार्य : एक चिकित्सा

एखाद्या संस्थेचा इतिहास लिहिण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे तिच्या अध्यक्षांची नावे अनुक्रमाने मांडणे होय. इंग्लंडातील 'विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी' या संस्थेच्या वाट्यास ही रीत पुष्कळ प्रमाणात आलेली आहे, आणि तिचा मोह पडावा अशी सामग्रीही तेथे आहे. २३ जून १९१९ रोजी ज्या सात स्त्रियांनी ही संस्था स्थापिली त्यांत वाफेच्या टर्बाइनचे जनक सर चार्ल्स पार्सन्स यांच्या पत्नी कॅथरिन व कन्या रेचेल या दोघी होत्या. रोल्स-रॉइसमधील रोल्स यांची बहीण एलिनॉर होती. पुढे १९३० साली इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास एकटीने विमान नेणारी एमी जॉन्सन अध्यक्षपदी आली. अशी नावे हाती असताना डेव्हनमधल्या एखाद्या खेड्यातील वीजघराकडे लक्ष जाऊ नये, हे स्वाभाविक असले तरी योग्य नव्हे. व्यावसायिक संस्थेची कसोटी तिच्या वार्षिक परिषदेत लागत नाही. राजधानीपासून दूर, जेथे एखादी उमेदवार मुलगी तेलाची झारी घेऊन इंजिनापाशी उभी असते, तेथे ती लागते.

या संस्थेचा जन्म एका कायद्याच्या छायेत झाला. १९१५ च्या मार्चमधील 'ट्रेझरी करारा'ने कामगार संघटनांनी कुशल कामांत स्त्रियांना येऊ दिले, ते युद्ध संपताच जुनी वहिवाट पुन्हा सुरू होईल या अटीवर. १९१९ च्या ऑगस्टमध्ये युद्धपूर्व प्रथांच्या पुनःस्थापनेचा कायदा झाला आणि अट पुरी करण्यात आली. लेडी पार्सन्स यांनी त्याच वर्षी ईशान्य किनाऱ्यावरील इंजिनिअर व जहाजबांधणीकारांच्या संस्थेपुढे केलेल्या भाषणात या विपरीत न्यायावर बोट ठेवले : संहाराची साधने घडविण्यास स्त्री चालते, शांततेची साधने घडविण्यास मात्र ती अपात्र ठरते. युक्तिवाद बिनतोड होता. परंतु तो कोणाच्या वतीने केला होता, हा प्रश्न येथेच उभा राहतो. कारखान्यांतून बाहेर पडलेल्या असंख्य स्त्रिया दारूगोळ्याचे काम करणाऱ्या मजूर स्त्रिया होत्या; संस्थेत ज्या एकत्र आल्या त्यांतील बहुतेक शिक्षित, कित्येक तर सधन होत्या. कॅरोल पर्सेल यांनी १९९३ साली 'टेक्नॉलॉजी अँड कल्चर' या नियतकालिकातील निबंधाच्या शीर्षकातच 'मी बाई की इंजिनिअर?' असा प्रश्न घातला आहे. त्याला तिसरेही एक पद जोडावयास हवे : की कामगार?

या प्रश्नाचे उत्तर संस्थेच्या 'द वुमन इंजिनिअर' या मुखपत्रात सरळपणे सापडणार नाही. १९१९ च्या डिसेंबरात ते निघू लागले. संस्थेच्या पहिल्या चिटणीस कॅरोलाइन हॅस्लेट याच त्याच्या पहिल्या संपादिका होत. बॉयलर बनविणाऱ्या कंपनीत कारकुनीपासून आरंभ करून कारखान्यातील शिक्षणापर्यंत पोहोचलेली ही स्त्री असामान्य कर्तृत्वाची होती, यात वाद नाही. पण कार्य करणारी आणि त्या कार्याचा वृत्तांत छापणारी व्यक्ती एकच असली की वृत्तांताला एक विशिष्ट गुळगुळीतपणा येतो. व्याख्याने, कारखान्यांच्या भेटी, भोजने यांची नोंद होते. मतभेदांची होत नाही. म्हणून हे मुखपत्र वाचताना छापलेल्या मजकुराइतकेच जाहिरातींकडे, म्हणजे कोणास उमेदवार हवी आहे व कोठे, याकडे लक्ष ठेवणे हिताचे. संस्थेचा खरा भूगोल तेथे दिसतो.

त्या भूगोलातील काही ठिकाणांचा ओझरता उल्लेख पुरे. स्कॉटलंडात कर्कूब्रीजवळ टंगलँड येथे महायुद्धाच्या काळात उभारलेल्या कारखान्यात विमानाच्या इंजिनांचे भाग बनत. तेथे मुलींना उमेदवारी देऊन शिकविण्याची योजना होती, आणि तीमागे डोरोथी पुलिंजर यांची प्रेरणा होती. युद्धानंतर याच कारखान्यातून 'गॅलोवे' मोटारगाडी निघाली. या बाईंचा अर्ज मोटार-इंजिनिअरांच्या संस्थेने १९१४ साली फेटाळला होता. नियमांतील 'व्यक्ती' या शब्दाचा अर्थ पुरुष असाच आहे, असे कारण देण्यात आले. (व्याकरणाचा एवढा सूक्ष्म विचार इंजिनिअरांच्या हातून एरवी क्वचितच झाला असेल.) लफबरो येथे केवळ स्त्रियांनी चालविलेली 'अटलांटा' ही यंत्रकामाची कंपनी १९२० च्या सुमारास निघाली व १९२८ पर्यंत तग धरून बंद पडली. असे प्रयोग बंद पडले म्हणून ते फसले असे म्हणता येणार नाही. पण ते एका पिढीला पोटापाण्याचा आधार देण्याइतके टिकले नाहीत, हेही तितकेच खरे.

हॅलिफॅक्सचे उदाहरण याहून वेगळे आणि या विवेचनात महत्त्वाचे आहे. संस्थापिकांपैकी लॉरा ॲनी विल्सन ही वयाच्या दहाव्या वर्षी कापडगिरणीत अर्धवेळ कामगार म्हणून लागलेली मुलगी. ती कामगार चळवळीत वाढली आणि १९०७ साली तिने तुरुंगवासही भोगला. १९२५-२६ मध्ये तिने हॅलिफॅक्स येथे कामगारांसाठी ७२ घरे बांधली, आणि १९२६ ते १९२८ या काळात ती संस्थेची अध्यक्ष होती. कापडगिरणीतून अध्यक्षपदापर्यंतचा हा प्रवास संस्थेच्या गौरवकथांत कौतुकाने सांगितला जातो. तथापि तिच्या बांधकामाकडे केवळ परोपकार म्हणून पाहणे तिला उणेपणा आणणारे आहे. घर हा अभियांत्रिकीचा विषय आहे आणि त्यात राहणाऱ्या स्त्रीचे श्रम हा त्या अभियांत्रिकीतील एक हिशेब आहे, ही दृष्टी तिच्या कामामागे होती.

तीच दृष्टी डेव्हनमध्ये अधिक कष्टाच्या रूपाने दिसते. मार्गारेट पार्ट्रिज या गणिताच्या पदवीधर. लंडनमध्ये शिकून त्या आपल्या परगण्यात परतल्या आणि विजेचा धंदा त्यांनी सुरू केला. कंपनीच्या नावात त्यांनी 'डोमेस्टिक इंजिनिअर्स' असे शब्द घातले. या नावावर हसणे सोपे आहे. पण ज्या गावांत मोठ्या कंपन्यांस फायदा दिसत नव्हता तेथे वीज नेण्याचे काम या 'घरगुती' इंजिनिअरांनी केले. एक्स नदीच्या खोऱ्यातील बॅम्प्टनसारख्या लहान गावी छोटे वीजघर उभारावयाचे, गावकऱ्यांस भांडवल घालण्यास राजी करावयाचे, तारा ओढावयाच्या, घरोघर दिवे बसवावयाचे, आणि हे सर्व करताना मुलींना शिकवावयाचे, असा हा उद्योग होता. हॅस्लेट यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार आजही जतन केलेला आहे. संस्थेचे मध्यवर्ती कार्यालय आणि खेड्यातील काम यांची गाठ येथे पडते. लंडनहून उमेदवार मुलगी शोधून दिली जाई. डेव्हनमध्ये तिच्या हातांना वळण लागे.

अशा उमेदवारांपैकी एक बीट्रिस शिलिंग. १९२६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ती पार्ट्रिज यांच्याकडे आली. पुढे तिने मँचेस्टर विद्यापीठात विद्युत-अभियांत्रिकीची पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची मर्लिन इंजिने सूर मारताना बंद पडत, तेव्हा कार्ब्युरेटरला जाणाऱ्या इंधनावर नियंत्रण ठेवणारी एक साधी चकती योजून तिने तो दोष आटोक्यात आणला. चकतीची ही कथा सर्वत्र सांगितली जाते. बॅम्प्टनची मात्र क्वचितच सांगितली जाते, आणि संस्थेच्या दृष्टीने तीच अधिक बोलकी आहे. वीजघर रात्री बंद ठेवता येत नाही. शिलिंग रात्री एकटी ते सांभाळी. आणि ते बेकायदेशीर होते.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर बंदी घालणारा करार संमत केला होता. त्यातील 'रात्र' म्हणजे सलग अकरा तास, आणि त्यांत रात्री दहा ते पहाटे पाच हा काळ आलाच पाहिजे. 'औद्योगिक उपक्रम' या संज्ञेत वीज निर्माण करणे व वाहून नेणे यांचा स्पष्ट उल्लेख होता. एक अपवाद होता तो एकाच कुटुंबातील माणसे जेथे काम करतात त्या उद्योगांचा. कराराचा हेतू दुष्ट नव्हता. गिरण्यांतील रात्रपाळीने स्त्रियांच्या प्रकृतीची जी धूळधाण होई ती थांबवावी, हाच तो होता. पण यंत्रापाशी उभी असलेली प्रत्येक स्त्री संरक्षणास पात्र अशी मजूरच असणार, हे त्यात गृहीत धरले होते. ती त्या यंत्राची अधिकारी असू शकते ही कल्पना करार लिहिणाऱ्यांच्या मनास शिवली नव्हती.

संस्थेने या बंदीविरुद्ध आवाज उठविला तो यामुळे. १९३१ साली करारात दुरुस्ती करण्याचा प्रयत्न फसला. तेव्हा प्रश्न हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे गेला, आणि १९३२ च्या नोव्हेंबरात न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी निर्णय दिला की, देखरेखीच्या वा व्यवस्थापनाच्या जागेवरील स्त्रियांनाही ही बंदी लागू आहे. एका मताने तो उलटला असता. अखेर १९३४ च्या सुधारित करारात अपवादाचे कलम आले : व्यवस्थापनाच्या जबाबदारीच्या जागी असलेल्या व सामान्यतः अंगमेहनतीचे काम न करणाऱ्या स्त्रियांस बंदी लागू नाही.

हा संस्थेच्या बाजूचा विजय म्हणून सांगितला जातो. कलमाचे शब्द मात्र नीट वाचावयास हवेत. बॅम्प्टनची उमेदवार व्यवस्थापक नव्हती, आणि ती अंगमेहनत करीत होती. उमेदवारीचा अर्थच तो. म्हणजे जिच्या निमित्ताने हा प्रश्न संस्थेच्या दारात आला, तीच नव्या कलमाच्या आश्रयाला येऊ शकली नसती. सुटका झाली ती हात काळे न करणाऱ्या इंजिनिअर स्त्रीची. टंगलँड, लफबरो, बॅम्प्टन येथे संस्थेने जे शिकविले ते नेमके हात काळे करण्याचे शिक्षण होते. स्थानिक कार्याने जे मिळविले ते कायद्याच्या भाषेत उतरताना असे निसटले.

संस्थेच्या बाजूने असे म्हणता येईल की, त्या काळी याहून अधिक पदरात पडणे शक्य नव्हते. कामगार संघटनांचा बंदीला पाठिंबा होता, आणि केवळ स्त्रियांसाठी असलेले सर्वच संरक्षक कायदे रद्द करावेत असा १९२६ मध्ये निघालेल्या 'ओपन डोअर कौन्सिल'चा आग्रह कोणी मानला नाही. हे समर्थन अंशतः ग्राह्य आहे. परंतु ज्या संस्थेच्या अध्यक्षपदी त्याच काळात गिरणीतून वर आलेली लॉरा विल्सन बसली होती, तिने गिरणीतील स्त्री व वीजघरातील स्त्री यांच्यामधील भेद स्वतः स्पष्ट मांडावयास हवा होता. संरक्षण कोणास हवे, मोकळीक कोणास हवी, आणि दोन्ही एकाच वेळी कोणास हवे, असा तो तिपेडी प्रश्न होता. कलमात त्यातील एकच पेड आला. १९४८ च्या पुढील सुधारणेत 'व्यवस्थापकीय वा तांत्रिक स्वरूपाच्या' जबाबदारीच्या जागा असे शब्द आले आणि तांत्रिक कामाला अखेर वेगळे स्थान मिळाले. तोवर शिलिंग चाळिशीच्या उंबरठ्यावर होती.

हॅस्लेट यांच्या प्रेरणेने १९२४ मध्ये निघालेल्या 'इलेक्ट्रिकल असोसिएशन फॉर विमेन'चे कार्य स्थानिक शाखांच्या दृष्टीने अधिक विस्तृत होते. ब्रिस्टलच्या शाखेने १९३५ मध्ये संपूर्ण विजेवर चालणारे घर उभारून दाखविले. पण तेथे स्त्री ही विजेची ग्राहक होती, विजेची कारागीर नव्हे. दोन्ही संस्थांचे कार्य एकाच मापाने मोजण्याची चूक वारंवार होते, ती टाळावी.

भारताचा या प्रकरणाशी संबंध दूरान्वयाचा नाही. १९१९ च्या करारात भारत व सयाम यांच्यासाठी स्वतंत्र कलम होते, आणि भारताने तो १९२१ साली मान्य केला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ६६ व्या कलमाने स्त्रियांचे काम सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळेत बांधून टाकले. त्याच कायद्याच्या ६४ व्या कलमात देखरेखीच्या वा व्यवस्थापनाच्या जागांवरील व्यक्तींना कामाच्या तासांच्या नियमांतून सूट देण्याची तरतूद होती. पण स्त्रियांवरील वेळेच्या या बंदीस ती सूट लागू नव्हती. १९५० मध्ये भारताने तांत्रिक जागांना मोकळीक देणारा सुधारित करार मान्य केला, तरी कारखान्याच्या फाटकात घरचाच कायदा आडवा येत राहिला. १९५३ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन शकुंतला जोशी, म्हणजे पुढे पुलांच्या रचनेत नाव मिळविलेल्या शकुंतला भगत, बाहेर पडल्या, तेव्हाची स्थिती ही अशी होती. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने ६६ व्या कलमातील ही बंदी घटनाबाह्य ठरविली.

संस्थेशी थेट जोडलेले भारतीय नाव मात्र ए. ललिता यांचे आहे. १९४३ साली गिंडीच्या महाविद्यालयातून विद्युत-अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या या बालविधवा मातेच्या प्रमाणपत्रावर छापलेले 'तो' हे सर्वनाम खोडून 'ती' असे करावे लागले होते. १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथील स्त्री-इंजिनिअर व शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेस त्या गेल्या, आणि पुढील वर्षी लंडनच्या संस्थेच्या सभासद झाल्या. कलकत्त्याच्या कचेरीत त्या विद्युत-वाहिन्या व उपकेंद्रे यांचे आराखडे करीत; भाक्रा-नांगलशी संबंधित काम त्यांत होते. आराखड्याचे काम दिवसा होते, कचेरीत होते, आणि लहान मुलगी घरी ठेवून करता येत होते. प्रत्यक्ष जागेवरची, रात्रीअपरात्रीची कामे त्यांच्या वाट्यास फारशी आली नाहीत.