चक्र आधी की दगड आधी?

कार्तिकात तुळशीचे लग्न लागते तेव्हा नवरदेव म्हणून कुठे बाळकृष्ण असतो, कुठे शाळिग्राम. या काळ्या, गुळगुळीत दगडाविषयी मराठीत जे माहितीपर लेखन होते त्यात एक वाक्य ठरलेले असते : शाळिग्राम म्हणजे दुसरे तिसरे काही नसून अमोनाइट या सागरी प्राण्याचा जीवाश्म. चक्रांकित शाळिग्रामापुरती ही माहिती बरोबर आहे. माझी तक्रार ‘दुसरे तिसरे काही नसून’ या चार शब्दांपुरती आहे.

गंमत अशी, की ‘अमोनाइट’ हेही देवाचेच नाव. मेंढ्याची शिंगे असलेल्या आमोन या इजिप्ती देवावरून ते पडले. विष्णूला उठवून आमोनला पाटावर बसवले, एवढेच त्या वाक्याने घडते.

खरे नुकसान मात्र निराळे आहे. या वाक्यामुळे जुनी संहिता न वाचताच मिटली जाते. ब्रह्मवैवर्त पुराणातली कथा पाहा. फसवली गेलेली तुळशी विष्णूला पाषाण होण्याचा शाप देते. तो शाप स्वीकारून विष्णू सांगतो, की गंडकीकाठी मी दगडरूपाने राहीन आणि वज्रासारख्या दातांचे कीटक तिथल्या शिळांत चक्रे कोरतील. एकाच कथेत ही दोन उलट उत्तरे आहेत. शापात जीव आधी, दगड नंतर. वज्रकीटात दगड आधी, जीव नंतर.

हाच प्रश्न युरोपलाही पडला होता. खडकात सापडणारे शिंपले आणि दात दगडातच उगवतात, असे तिथले अनेक विद्वान मानत. निकोलस स्टेनोने १६६९ साली एक साधी कसोटी मांडली : एक घन वस्तू दुसरीच्या पोटात असेल, तर जिचा ठसा दुसरीवर उमटला ती आधी कठीण झालेली. ही कसोटी शाळिग्रामाला लावली की वज्रकीट हरतो. चक्राच्या कडांचा ठसा भोवतीच्या दगडावर स्पष्ट असतो. म्हणजे शंख आधीचा. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, आज जिथे हिमालय आहे तिथल्या टेथिस समुद्राच्या तळाशी तो चिखलात रुतला, भोवती खनिजे साकळली आणि गोटा तयार झाला. पूर्वजांना जीवाश्मशास्त्र ठाऊक होते, असे सांगणाऱ्यांचीही इथे पंचाईत होते. ठाऊक असते, तर कोरणारा कीटक लागला नसता.

तरी तो कीटक अगदीच चुकीच्या जागी नाही. चक्रात खरोखर एक प्राणी राहत होता. शंख वाढेल तसा तो पुढे सरके आणि मागे पडदा घाली. राहायचा शेवटच्या दालनात, मागची दालने तरंगण्यासाठी. त्याने चक्र कोरले नाही, स्वतःभोवती बांधले. कथाकाराने क्रिया उलटी धरली, पण जीव आणि चक्र यांचा संबंध अचूक हेरला.

हेरणारी नजर साधी नव्हती. एक द्वार, चार चक्रे आणि वनमालेची रेषा असेल तर लक्ष्मीनारायण. वनमाला नसेल तर लक्ष्मीजनार्दन. हे भक्तीइतकेच वर्गीकरणही आहे. जीवाश्मतज्ज्ञही वेटोळी, कंगोरे आणि पडद्यांच्या नागमोडी रेषा पाहूनच जाती ठरवतो. फरक आहे तो पुढच्या प्रश्नात. दगड कोणत्या थरातला, हे त्याला हवे असते. काली गंडकीच्या पात्रातल्या गोट्याकडे त्याचे उत्तर नसते. नदीने थराची खूण पुसलेली असते, म्हणून अभ्यासकाच्या लेखी तो दुय्यम नमुना. पूजेत मात्र गंडकीतून मिळणे हीच पहिली अट, आणि नदीने घासून आणलेली ती झिलई हाच पुरावा.