शृंगिकेचे खंड मोजून प्रजाती ठरते का?

कॉफीचे फळ पोखरणारा भुंगेरा मूळचा आफ्रिकेतला. झाडाची साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचाच हा भाऊबंद. लांबी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. फेरारी यांनी १८६७ साली त्याला ‘क्रिफॅलस’ प्रजातीत ठेवले. १९१० साली तोच कीटक नवा समजून हागेडॉर्न यांनी ‘स्टेफॅनोडेरेस’मध्ये घातला, तर आणखी एका अभ्यासकाने ‘झायलेबोरस’मध्ये. आज त्याचे नाव आहे ‘हायपोथेनेमस हॅम्पेई’. कीटक एक, घरे चार!

यांपैकी स्टेफॅनोडेरेस आणि हायपोथेनेमस यांच्यामधली भिंत प्रामुख्याने शृंगिकेच्या मधल्या भागातील खंडांच्या संख्येवर उभी होती. संख्या मोजता येते, म्हणून ती भरवशाची वाटते. आमचा आक्षेप नेमका इथेच आहे. एरवी एकमेकींशी मिळत्याजुळत्या जातींत हे खंड कधी ३, कधी ४, तर कधी ५ भरतात. अखेर ती भिंत पाडावी लागली. पंखांवरून विभागणी केली तर आणखीच घोटाळा! हॅम्पेईचा नर मादीहून लहान, त्याचे मागचे पंख खुरटलेले. त्याला उडता येत नाही. एकाच फळात वाढलेली भावंडे आपण दोन प्रजातींत टाकू.

मग शरीररचना निरुपयोगी का? मुळीच नाही. उरोभागाच्या पुढच्या कडेवरचे दाते, पाठीवरच्या केसांचा आकार, शृंगिका ही लक्षणे एकत्र पाहिली की ओळख पटते. चूक निरीक्षणाची नव्हती, एकाच लक्षणावर सारा निवाडा सोपवण्याची होती. स्टीफन वुड यांनी १९८६ साली या साऱ्या गटाच्या प्रजातींची शरीररचनेवरून फेरमांडणी केली. त्यांनी स्वतंत्र कुल मानलेला हा गट आज सोंडकिड्यांच्या कुलातले एक उपकुल मानला जातो.

हा नुसता नावांचा वाद नव्हे. १९९० मध्ये हा कीटक निलगिरीतील गुडलूर भागात कॉफीवर आढळला. झायलेबोरसचे भुंगेरे लाकडात बुरशी वाढवून तिच्यावर जगतात. हा मात्र कॉफीची बीच खातो. नाव चुकले, तर उपायही चुकीच्या जागी शोधला जाणार.

आपल्या वर्गात मात्र ‘वर्गीकरण करा’ या प्रश्नाला एकच उत्तर असते. त्याऐवजी मुलांना वीस निरनिराळी पाने द्यावीत. आधी कडांवरून, मग शिरांवरून गट पाडायला सांगावे. दोन्ही वेळा कोणती पाने एकत्र राहिली आणि कोणती फुटली, हे त्यांनीच शोधावे. त्या फुटलेल्या पानांवर जी चर्चा रंगेल, तोच वर्गीकरणाचा खरा धडा.