‘बैजू बावरा’तील दरबार आणि वाद्यांची ऐतिहासिकता

ऐतिहासिक चित्रपटांच्या समीक्षेत वेशभूषा, शस्त्रे व वास्तू यांच्या अचूकतेची चर्चा होते. वाद्यांची मात्र क्वचितच होते. विजय भट्ट दिग्दर्शित ‘बैजू बावरा’ (१९५२) या चित्रपटाच्या संदर्भात ही उणीव प्रकर्षाने जाणवते.

अकबराच्या दरबारातील तानसेन व बैजू यांची गायनस्पर्धा हा या चित्रपटाचा कळसबिंदू होय. उस्ताद अमीर खाँ व पं. डी. व्ही. पलुस्कर यांनी गायिलेली ही जुगलबंदी रससिद्ध आहे, यात शंका नाही. तथापि तिची गायकी ख्यालाची असून साथीला तबला आहे. अकबराच्या काळात (१५५६–१६०५) दरबारी गायनात ध्रुपदाला अग्रस्थान होते व त्याची साथ पखवाजाची असे. ख्यालाला दरबारी प्रतिष्ठा लाभली ती मुहम्मदशाहाच्या कारकिर्दीत (१७१९–१७४८). तबल्याचा उदयही अठराव्या शतकातलाच.

त्या काळाची साधने उपलब्ध नव्हती, असेही नाही. अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त दरबारी कलावंतांची त्यांच्या वाद्यांसह यादी आहे. तीत बीन, स्वरमंडळ, तंबुरा, सुरना आदी वाद्ये आढळतात; तबला व सतार आढळत नाहीत. चित्रकार मन्सूर याने रेखाटलेले बीनकार नौबत खानाचे चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातील बीनेची दांडी व दोन भोपळे स्पष्ट दिसतात. हे चित्र समकालीन असल्यानेच त्याला पुराव्याचे मोल आहे.

प्रत्येक चित्राला ते मोल देता येत नाही. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या सरस्वतीच्या हाती स्थिर पडद्यांची दाक्षिणात्य वीणा आहे. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांवरील वीणा मात्र धनुष्याकृती, म्हणजे आकाराने सर्वस्वी भिन्न आहे. रविवर्म्याच्या चित्रातून प्राचीन वीणा नव्हे, तर चित्रकाराच्या काळातील वीणा कळते. मुंबईत १८९४ साली स्थापन झालेल्या त्यांच्या छापखान्यातून अशी चित्रे घरोघरी पोहोचली आणि वीणेचे तेच रूप सनातन मानले जाऊ लागले.

‘बैजू बावरा’ ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. शिवाय प्रेक्षकांना परिचित गायकी देणे ही व्यावसायिक गरज होती, असा बचाव संभवतो. तो अंशतः ग्राह्य आहे. परंतु अकबराचे नाव व दरबार योजताच चित्रपट त्या काळाची साक्ष देऊ लागतो. तबल्याच्या जागी पखवाज असता तर रसहानी झाली नसती. याउलट, आजचे संगीत तानसेनापासून जसेच्या तसे चालत आले, हा समज दृढ होतो आणि बीन व पखवाज यांची परंपरा विस्मरणात ढकलली जाते.

सारांश, वाद्याची अस्सलता हा केवळ तपशिलाचा प्रश्न नाही. संगीताला इतिहास आहे, ते बदलत आले आहे, ही जाणीव राखण्याचा तो प्रश्न आहे.