फुकट केसबुक आणि झेरॉक्सचं दुकान

लॉ स्कूलमध्ये आयपी आणि टेक्नॉलॉजी लॉ घ्यायचं ठरवलंत की पहिला धक्का पुस्तकाच्या किमतीचा बसतो. अमेरिकेत एका केसबुकला २०० डॉलर सहज जातात. म्हणून ड्यूकच्या जेम्स बॉयल आणि जेनिफर जेन्किन्स यांचं केसबुक आधी उघडा. २०१४ पासून ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतं. विकत असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

कारण ते कलमांच्या घोकंपट्टीने सुरू होत नाही. कुणाला असा हक्क द्यायचाच कशाला, हे ते आधी विचारतं. १९१८ सालचा खटला घ्या: एका वृत्तसंस्थेने दुसरीच्या छापून आलेल्या युद्धाच्या बातम्या उचलून विकल्या. बातमी कुणाची? कोर्टाने मेहनत करणाऱ्याची बाजू घेतली. मग १९९१ सालचा फाइस्ट खटला: टेलिफोन डिरेक्टरी बनवायला कितीही घाम गाळा, तेवढ्यावर कॉपीराइट मिळत नाही. हे दोन्ही लागोपाठ वाचलेत की एआयला कुणाचा मजकूर खाऊ घालायचा, या आजच्या भांडणाचं मूळ लक्षात येतं.

माझी तक्रार पुढची आहे. पुस्तक अमेरिकन कायद्याचं आहे आणि ते तसं लपवतही नाही. पण सेमिस्टर संपेपर्यंत आपल्या डोक्यात ‘अमेरिकन’ हा शब्द गळून पडतो आणि फेअर यूज हाच जगाचा नियम वाटायला लागतो. आपल्यातल्या ज्यांना उद्या भारतातल्या क्लायंटला सल्ला द्यायचाय, त्यांना हे महागात पडेल.

पुण्यात शिकला असाल तर स्पायरल बाइंडिंगचे गठ्ठे आठवत असतील. त्यांच्यावर दोन देशांत खटले झालेत. मिशिगनमध्ये प्राध्यापकांनी निवडलेल्या उताऱ्यांचे संच छापून विकणारं दुकान १९९६ साली अपील कोर्टात ८ विरुद्ध ५ मतांनी हरलं. गंमत म्हणजे अमेरिकेच्या कलम १०७ मध्ये वर्गासाठी अनेक प्रती काढण्याचा उल्लेख स्पष्ट आहे. तरी कोर्टाने दुकानाचा नफा आणि प्रकाशकांची बुडणारी परवाना-फी तोलली.

दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपीवर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी २०१२ मध्ये दावा लावला. भारताच्या कलम ५२(१)(आय) मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी यांचीच नावं आहेत, दुकानदाराचं नाही. तरी २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. शिकवणं म्हणजे फक्त वर्गातला तास नव्हे, आणि विद्यार्थ्याने स्वतः केलं तर जे चालतं ते दुकानातून करून घेतल्याने चोरी ठरत नाही, असा त्याचा सूर. खंडपीठाने त्याच डिसेंबरमध्ये, संचातला मजकूर अभ्यासक्रमाला खरंच हवा होता का हे तपासायला प्रकरण परत पाठवलं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला.

कॉपी नेमकं कोण करतंय, यावर सगळं फिरलं. मिशिगनच्या कोर्टाला दुकानदार दिसला, दिल्लीच्या कोर्टाला विद्यार्थी. मला दिल्लीचं वाचन जास्त पटतं, पण भारतीय लेखकांच्या छोट्या प्रकाशकांचं काय, या प्रश्नाला त्यातून समाधानकारक उत्तर मिळत नाही. वर्गात वाद घालायला हीच जागा चांगली. एकट्या मिशिगनच्या निकालावर तो वाद रंगत नाही.

पेटंटचंही तेच. २०१३ मध्ये १ एप्रिलला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसला ग्लिवेकचं पेटंट नाकारलं आणि १३ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिरियडचा शरीरातून वेगळ्या काढलेल्या जनुकांवरचा दावा. तिथे संसदेने लिहिलेलं कलम ३(डी) होतं, इथे न्यायाधीशांनीच घडवलेला अपवाद.

बॉयल-जेन्किन्स यांच्या परवान्यात एक सोय आहे: श्रेय द्या, धंदा करू नका, तोच परवाना पुढे ठेवा, मग पुस्तकात हवी ती भर घाला. तुमच्या स्टडी ग्रुपला सेमिस्टरचा प्रोजेक्ट सुचत नसेल, तर हे झेरॉक्सचं प्रकरण लिहायचं राहिलंय.